दगडाला चिकटलेली कांडी

शाई घासताना माणसानं दगडाकडे बघावं. एवढी साधी रीत त्साओंच्या युनशेंगला त्याच्या घरात कुणी लावली नव्हती. तो फांग काकूंच्या दुकानात यायचा, खिडकीजवळच्या स्टुलावर बसायचा, दगडावर पाण्याचे चार थेंब टाकायचा, शाईची कांडी त्यात फिरवायला लागायचा... आणि बघायचा कुठं, तर समोर, शाओमानच्या मानेकडे. शाई दाट झाली की राखाडीच राहिली, पाणी दगडावर आहे की मांडीवर, कशाचा पत्ता नाही.

शाओमान ही काकूंची एकुलती लेक. वाळून तयार झालेल्या कांड्यांवरच्या कोरीव अक्षरांत ती सोनेरी रंग भरायची, तोही डाव्या हातानं. लहानपणी काकूंनी त्या हाताला पुष्कळ चापट्या दिल्या, पण हात हट्टी. पुढं त्याच हातानं सगळ्या शेश्येन गावात नाव काढलं, तेव्हा काकूंनी चापट्यांची गोष्ट काढणं बंद केलं.

हा युनशेंग आला तोच मुळी पावसातून वाट चुकून. बसनं दोन तासांवर चिंग गावात त्यांचा कागदाचा कारखाना. नव्या कागदावर शाई कशी पसरते ते बघायचं होतं आणि जायचं होतं पलीकडच्या गल्लीतल्या दुकानात. शाओमाननं त्याला पलीकडची गल्ली दाखवली. तो तिथं गेलाच नाही. तेव्हापासून दर आठवड्याला कागदाची नवी गुंडाळी काखेत मारून हजर. चिंग गावात म्हणे चांगली शाई मिळत नाही. अख्खं गाव काय कोळशानं लिहितं की काय, असं काकूंनी त्याला दोनदा विचारून झालं होतं.

काकू आत वाळवणाच्या खोलीत कांड्या उलटत बसायच्या. आषाढी हवा, सगळं ओलं; रोज उलटली नाही तर कांडी वाकडी होते. मधे नुसता पडदा. ऐकायचं नाही म्हटलं तरी ऐकू येणारच, आणि काकू तसं कधी म्हटल्याही नव्हत्या.

“तुमची शाई आमच्या कागदात एकदा उतरली की बाहेर येत नाही,” तो म्हणायचा.

“मग कागद हावरा आहे तुमचा.”

“हावरा नाही... भोळा आहे. जे मिळेल ते पोटात घेतो.”

“हो का? तुरटीचं पाणी पाजा त्याला. मग शाई पीत सुटणार नाही, शहाणा होईल.”

मग दोघंही गप्प. नुसता कांडी फिरल्याचा आवाज, आणि वळचणीचं पाणी. त्या गप्प बसण्याचीच काकूंना जास्त धास्ती वाटे. बोलणाऱ्या माणसाला अडवता येतं.

कारण पोरगी गेली तर? सोनं कोण भरणार, हा प्रश्न लोकांना सांगायचा. खरा प्रश्न वेगळाच होता. नवरा जाऊन चार वर्षं झाली. आता जेवणाच्या टेबलावर समोर बसायला ही एकटीच. आधीची दोन स्थळं काकूंनी परतवून लावली होती. एकाच्या अंगाला अत्तराचा वास येत होता, आणि अत्तर नि शाई एका घरात नांदत नाहीत. दुसरा जेवताना मचमच करायचा. युनशेंगच्या अंगाला चुन्याचा, पेंढ्याचा वास यायचा, जेवायचाही बिनआवाज. खोड काढायला शाई घासणं तेवढं उरलं होतं.

अशात काकूंची दाढ दुखायला लागली. डॉक्टरनं ती उपटली, तोंडात कापूस कोंबला आणि तीन दिवस बोलायचं नाही म्हणून बजावलं. गाल फुगवून काकू घरी आल्या आणि दारातच थबकल्या.

खिडकीत नवऱ्याचा शाई घासायचा दगड होता. सोनेरी कणांचा, काळाभोर. तो रोज काकू स्वतः धुवायच्या, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. आज तो नव्या कागदाच्या परीक्षेला काढला होता, आणि त्याच्यावर एक नवी कोरी कांडी उभी होती. शाई सुकून गेलेली. कांडी दगडाला घट्ट चिकटलेली.

हे शाईवाल्यांच्या घरातलं लहान पोरही करत नाही. घासून झालं की कांडी उचलायची, टोक पुसायचं, आडवी ठेवायची. चिकटलेली कांडी ओढली तर दगडाचा पापुद्रा सोबत निघतो, आणि मग तो दगड शाईच्या कामाचा राहत नाही.

शाओमाननं तोंड उघडलं, पण तिच्याआधी युनशेंग बोलून मोकळा झाला. “मावशी, मी विसरलो. माझ्या हातनं झालं.”

काकूंच्या पोटात एवढं काही साठलं, पण तोंडात कापूस. त्यांनी नुसतं दाराकडे बोट केलं.

पोरगा दाराकडे गेला नाही. त्यानं वाटीभर पाणी मागितलं, बाह्या वर केल्या आणि दगडापाशी बसला. कांडीच्या बुडाशी बोटानं एक थेंब. तो मुरला की दुसरा. संध्याकाळी शेवटच्या बसनं गेला, सकाळी पहिल्या बसनं आला. येताना लालजर्द यांगमेईची फळं आणली. दाढ उपटलेल्या माणसाला चावावी लागत नाहीत म्हणून. काकूंनी ती खाल्ली, पण त्याच्याकडे पाठ करून.

दुसरा दिवसही तसाच. कांडी जराशी हलते का ते बघायला काकूंनी स्वतः हात पुढं केला, तर त्यानं वाटी मधे धरली. “थोडं थांबू या, मावशी. आमच्याकडे ओला कागद गठ्ठ्यातून सोडवतात ना, तसं. तो स्वतः सुटतो. आपण फक्त जवळ असायचं.” त्या दोन दिवसांत त्यानं शाओमानकडे एकदाही पाहिलं नाही. पहिल्यांदाच तो दगडाकडे बघत होता. शाओमान मात्र ब्रश हातात धरून नुसती बसली होती. सोन्याचा रंग बशीत सुकून गेला.

तिसऱ्या दिवशी दुपारी कांडी हलली... आणि हळूच हातात आली. खाली दगड अख्खा, गुळगुळीत. युनशेंगचे डोळे भरले. ते त्यानं शाई लागलेल्या डाव्या मनगटानं पुसले आणि कपाळ काळं करून घेतलं.

काकूंनी कांडी त्याच्या हातातून घेतली. अक्षरं त्यांना फारशी वाचता येत नसत, पण झिजलेलं टोक वाचता येई. घासताना सोनेरी अक्षरं आपल्याकडे करायची, ही घरची रीत. उजव्या हाताची कांडी उजवीकडे झिजते. ही डावीकडे उतरलेली होती.

“आई,” शाओमान उठून उभी राहिली. “कांडी मी—”

काकूंनी हात वर केला. सोनं भरायला बसल्यापासून सहा वर्षांत या पोरीनं एक ओली कांडी विसरली नव्हती. जी मुलगी कुणापायी अशी विसरते, तिला आता पडद्याआड बसून किती दिवस राखणार?

त्यांनी तोंडातला कापूस काढला, रुमालात बांधला, आणि तीन दिवसांत पहिल्यांदा बोलल्या.

“पोरा, तुला शाई घासता येत नाही. खोटं बोलणं तर त्याहून येत नाही. ही कांडी डाव्या हाताची आहे, आणि तुझा डावा हात नुसता कपाळ पुसायच्या कामाचा. पण चिकटलेलं न ओढता सोडवता येतं तुला, आणि ते माझ्या नवऱ्यानंतर मी कुणात पाहिलं नव्हतं. रविवारी तुझ्या आईला बोलणी करायला घेऊन ये. कांड्या मी बसनं पाठवीन, सोनं शाओमान तिकडं भरेल, आणि भरलेल्या कांड्या तू स्वतः परत आणायच्या, तिला बरोबर घेऊन, जेवायच्या वेळेला. आणि एक ध्यानात ठेव, हिच्या डाव्या बाजूला बसू नकोस. कोपर लागतं, सोनं सांडतं.”