साक्षीदार क्रमांक दोन

ऐकून कुणी हसलं तरी चालेल. पण हे घडलं ते असंच. अखिलाअक्का माझ्या आईची मावसबहीण, आणि तिला खोटं बोलताना मी आजवर पाहिलेलं नाही.

तंजावूर. १९ मे २००१, शनिवार. दुपारचे तीन.

कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी होती. श्रीनिवासराव वकील जेवायला घरी गेले होते, आणि ऑफिसात अक्का एकटीच संगणकापुढे बसली होती. ती तिथली टायपिस्ट. वकिलांचे बरेचसे अशील सिंगापूरला नि आखातात. टपालानं अर्ज पाठवायचा, आणि तो दोन महिन्यांनी चुकीचा भरून परत यायचा. म्हणून त्यांनी इंटरनेटवर ऑफिसचं पान काढायचं ठरवलं होतं. कोर्टाचे अर्ज तिथं ठेवायचे, अशिलानं तिकडे बसूनच रिकाम्या चौकटी भरायच्या आणि बटण दाबलं की भरलेला अर्ज ऑफिसच्या मेलवर यायचा.

चौकटी बसवायचं काम अक्काकडे होतं.

त्या दिवशीचा अर्ज तिला जड जात होता. सात वर्षं ज्याचा पत्ता नाही, त्याला कोर्टानं मृत धरावं, असा तो अर्ज.

अक्काचा नवरा भीमसेन. एप्रिल ९४ मध्ये दोघं पापनाशम स्टेशनवर गाडीची वाट बघत होती. तो पाणी आणायला नळाकडे गेला.

परत आलाच नाही.

पोलीस झाले, वर्तमानपत्रात फोटो झाले. कावेरीच्या काठानं दहा गावं पालथी घातली. आता सात वर्षं उलटली होती. शेत नावावर व्हायचं म्हणून दीर घाई करत होता. वकिलांनीही हळूच सांगितलं होतं, की हा अर्ज तयार झाला की पहिल्यांदा तुझाच भर. अक्का हो म्हणाली होती. कपाळाचं कुंकू मात्र तिनं त्या सकाळीही रोजच्यासारखंच लावलं होतं.

अर्जदाराचं नाव. बेपत्ता व्यक्तीचं नाव. नातं. शेवटचं कुठे पाहिलं...

एकेक चौकट ती बसवत गेली. मग तिला वाटलं, ओळखीच्या खुणेलाही जागा हवी. तीही चौकट तिनं घातली आणि हात पुसायला उठली.

मागे टिंग असा आवाज झाला.

मेल आला होता.

अक्का जागीच थांबली. मेल यायचा तर आधी फोन लावायला लागे. मोडेम मिनिटभर किरकिर करी, मग कुठे लाइन जुळे. तसला आवाज झालाच नव्हता.

तिनं फोन उचलून कानाला लावला.

काहीच नाही... साधी घरघरही नाही. रस्ता खणताना सकाळीच केबल तुटली होती, हे तिला तेव्हा आठवलं.

आणि अर्ज तर अजून तिच्याच संगणकात होता. इंटरनेटवर चढलाच नव्हता.

तिनं मेल उघडला.

तोच अर्ज. भरलेला.

अर्जदाराचं नाव: भीमसेन.

बेपत्ता व्यक्तीचं नाव: अखिला.

नातं: पत्नी.

शेवटचं कुठे पाहिलं: पापनाशम स्टेशन. मी पाणी घेऊन परत आलो, तेव्हा ती बाकावर नव्हती.

ओळखीची खूण: डाव्या कानामागे भाजल्याचा डाग.

अक्काचा हात आपोआप कानाकडे गेला. तो डाग केसांखाली लपलेला असे. आणि ती चौकट तिनं आत्ता, पाच मिनिटांपूर्वी घातली होती.

खाली दोन साक्षीदार.

पहिलं नाव रघोजी. तिचे सासरे. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली होती.

दुसरी जागा रिकामी होती. तिथं कर्सर लुकलुकत होता...

अक्काची बोटं मांडीवर होती. तरी अक्षरं उमटायला लागली. एकेक. सावकाश.

ना... ग... ल...

पुढचं वाचायला ती थांबली नाही. नागलक्ष्मी म्हणजे तिची सासू. तंजावूरच्याच करंतै भागातल्या घरी महिनाभर अंथरुणाला खिळलेली.

मोपेडवरून घर दहा मिनिटांवर. कुलूप तिनं सकाळी निघताना लावलं होतं तसंच होतं. आत सासू उशीला टेकून बसली होती. महिन्यात पहिल्यांदाच, कुणाच्या आधाराशिवाय.

"भीमसेन आला होता," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी शांत होता.

"आत्याबाई, स्वप्न पडलं असेल तुम्हाला."

सासूनं उजवा हात पुढे केला.

तिला लिहिता येत नव्हतं. अंगठा निळ्या शाईनं माखला होता. ओला.

शाईची बाटली त्या घरात कधीच नव्हती.

"कागद घेऊन आला होता. तू कुठं आहेस म्हणून विचारत होता. मी म्हटलं, ठाऊक नाही, सात वर्षांत दिसली नाही." सासूनं अक्काचा हात धरला. "तिचा नाद सोड, मीच येते तुझ्याबरोबर, म्हटलं. तेव्हा गेला."

दुसऱ्या दिवशी, उजाडताना, सासू गेली. घरच्यांनी अंघोळ घातली, तरी अंगठ्याची शाई निघाली नाही.

सोमवारी ऑफिसात त्या मेलचा मागमूस नव्हता. वकिलांनी संगणक उलटापालटा करून पाहिला. शेवटी त्यांनी तो अर्ज पानावर ठेवायचा नाही असं ठरवलं. का, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

अक्कानं स्वतःचा अर्ज कधीच भरला नाही. दीर भांडला, बोलणं टाकलं. ती बधली नाही.

मागच्या दिवाळीला मी धीर करून विचारलं, तुला अजून भीती कसली वाटते, आता तर सगळं संपलं.

तिनं कपाळाचं कुंकू सारखं केलं. मग म्हणाली, "माझा अर्ज मी दिला नाही. त्यानं त्याचा दिलाय. दोन्ही साक्षीदार मिळालेत त्याला. तिकडे तारीख कधी लागणार, एवढंच मला कळत नाही."