पाचवा रिमोट

"दरवाजा पुन्हा उघडा आहे," फोनवरचा म्हातारा आवाज म्हणाला. "आणि मी तो बंद करून गेले होते. एवढं मान्य असेल तरच ये."

लोवेल ग्रॅबनर गॅरेजचे दरवाजे दुरुस्त करी. ओहायोतल्या त्या उपनगरात नोव्हेंबरचा वारा सकाळपासून पाने लोटत होता. त्यांना कुठेच टेकू देत नव्हता. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या अर्डिस क्रेमर उघड्या गॅरेजच्या तोंडाशी कोट घालून उभ्या होत्या.

"काही चोरीला गेलं?"

"माझी अक्कल. असं माझी लेक म्हणते."

या आठवड्यात हे तिसऱ्यांदा घडले होते. बाजारातून परतावे, तर दरवाजा सताड उघडा. उद्या त्यांची मुलगी लोरीन वृद्धाश्रमाचे कागद सहीसाठी आणणार होती.

"रिमोट कुणाकुणाकडे आहेत?"

"चारच आहेत. माझ्या नवऱ्यानं, मर्लनं, दरवाजाची मोटर लावली, त्या दिवशी तिला पहिला रिमोट माझा शिकवला, म्हणजे ओळखायला लावला. मग स्वतःचा, मग लोरीनचा, शेवटी समोरच्या ड्वेनचा."

"मर्ल यांचा आता कुठे आहे?"

"त्याच्या ट्रकमध्ये. तो वारला, तरी रिमोट असू दे म्हटलं."

लोवेलने क्षणभर मान खाली घातली. "आणि लोरीनचा?"

"मागच्या रविवारी तिनं परत दिला. नवी गाडी घेतली ना. बरंच झालं, कारण त्याच संध्याकाळी माझा बंद पडला. बॅटरी बदलली, तरी ढिम्म. तेव्हापासून तिचाच वापरते."

"रविवारी गॅरेजमध्ये कोण कोण होतं?"

"ड्वेन खराटा न्यायला आला होता. लोरीननं शिडीवर चढून मोटरीचा बल्ब बदलला."

लोवेलने अर्डिसबाईंचा रिमोट दाबला. त्यावरचा तांबडा दिवा लागला. दरवाजा मात्र हलला नाही. लोरीनच्या रिमोटने खाली येऊन पुन्हा वर गेला. ट्रकमधल्यानेही हलला. तेवढ्यात समोरून ड्वेन आला. त्याचाही रिमोट चालला.

"पोलीस बोलावलेत की काय, अर्डिस?"

"तुझ्यासाठी पोलीस कशाला? खराटा परत कर, पुरे."

लोवेल शिडीवर चढला. छताला टांगलेल्या मोटरीवर एक विटलेली चिठ्ठी होती: जास्तीत जास्त चार रिमोट. बल्ब पुढच्या बाजूला होता. मागच्या बाजूला वर्षानुवर्षांची धूळ साचली होती, आणि तिच्यात शिकवण्याचे छोटे बटण होते. त्या बटणावर बोटाच्या टोकाएवढी जागा स्वच्छ होती.

तो बराच वेळ वरच थांबला. खरे सांगावे लागणार होते, आणि ते सांगितल्यावर या घरातले काहीतरी कायमचे बदलणार होते.

निळी, कोरी गाडी आवारात शिरली. लोरीन उतरली.

"पुन्हा? आई, आता तरी पटतंय का?"

"रिमोट बिघडलेला नाही," लोवेल वरूनच म्हणाला. "मोटर त्याला विसरली आहे. या मोटरीच्या स्मरणात चारच जागा आहेत. पाचवा रिमोट शिकवला, की सर्वांत जुना आपोआप पुसला जातो. सर्वांत जुना मिसेस क्रेमर यांचा होता. बाकीचे तिन्ही चालतात. म्हणजे चौथी जागा कुणीतरी नव्यानं घेतली आहे."

ड्वेनने हात वर केले. "माझ्याकडे बघू नका हं!"

"नाही बघत. तुमचा चालतोच आहे. तुम्हाला नवा कशाला हवा? नवा लागेल तो आपला परत देणाऱ्याला. रविवारी बल्बसाठी शिडी लागली, पण बोट मागच्या बटणावरही पडलं." तो खाली उतरला. "मिस लोरीन, तुमच्या गाडीत आरशाखाली तीन बटणं आहेत. तीही मोटरीला शिकवता येतात. पहिलं दाबता का?"

"काहीतरीच! मी कशाला…"

"दाब," अर्डिसबाई म्हणाल्या.

लोरीन गाडीत बसली. तिचा हात आरशाकडे गेला आणि अडखळला. मग करकरत दरवाजा खाली आला.

काच उतरली. "गेल्या जानेवारीत तू या फरशीवर दोन तास पडून होतीस. फोन वाजला की तू पुन्हा पडलीस असंच वाटतं, आई. सांगून तू ऐकत नव्हतीस. घाबरलीस तर ऐकशील, असं वाटलं."

"घाबरले ना!" अर्डिसबाई म्हणाल्या. "रोज परत फिरून दरवाजा बघत होते. गॅस बघत होते. स्वतःचं नाव लिहून बघत होते, लोरीन."

ड्वेन हळूच निघून गेला.

"मिसेस क्रेमर, सगळं पुसून नव्यानं शिकवू का?"

"पूस. आधी माझा शिकव. मग मर्लचा. मग ड्वेनचा."

"आणि माझा?" लोरीनने विचारले.

त्या गल्लीत घरची माणसे गॅरेजमधूनच आत येत. पुढच्या दारावरची बेल टपालवाला वाजवी, नाहीतर निवडणुकीचे कार्यकर्ते.

"रोज सकाळी फोन कर," अर्डिसबाई म्हणाल्या. "मी उचलला नाही, तर ये. हे घर सोडून मी कुठेही जाणार नाही. पण पुढच्या दारानं ये. बेल वाजवून."