मिठाची पुडी

१७ जानेवारी, शनिवार. दुपारी चारपासून बर्फ पडतंय. वारा समुद्राकडचा. रात्री दहाला उणे पाच.

रस्त्यावरचा बर्फ हटवणाऱ्या गाड्यांच्या डेपोत तिघे ड्रायव्हर रॉकेलच्या शेगडीभोवती बसले होते. पहिली फेरी दोनला निघायची होती. होन्मा आजोबा निवृत्त फोरमन. बंदरांवर मासळीसाठी बर्फ फोडायची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या कंपनीत त्यांची हयात गेली. घरी झोप येत नाही म्हणून थंडीत ते इथेच येऊन बसतात.

"आजोबा, काहीतरी सांगा," कोसेकी म्हणाला. तिघांत तो धाकटा. "पण ती कोल्हिणीची नको. तीनदा झाली."

"कोल्हीण नाही. हे माझ्या हाताखालच्या माणसाचं आहे. तोगाशी त्याचं नाव. तुझ्यासारखाच, अंथरुणातून ओढून काढावा लागायचा."

दुसरे दोघे हसले. आजोबा हसले नाहीत.

मागच्या वर्षी सहा फेब्रुवारीला, गुरुवारी, तोगाशी संध्याकाळच्या गाडीने कुरोहामाला उतरला. काम साधं होतं. जुना सहकारी हाचिया वारला होता. प्रेताजवळच्या रात्रीच्या बैठकीला हजेरी लावायची, हॉटेलात झोपायचं, सकाळी दहाला शवपेटी बंद होईपर्यंत थांबायचं आणि परतायचं. साधं काम, असं तो गाडीत बसल्यापासून स्वतःला सांगत होता.

अठरा वर्षांपूर्वी दोघे बंदराबंदरांतून यंत्रं दुरुस्त करत फिरायचे. कुरोहामाचा मुक्काम स्टेशनसमोरच्या स्वस्तातल्या हॉटेलात. एकाने पात्यांत हात घालायचा, दुसऱ्याने बटणापाशी उभं राहायचं, हा नियम. पहाटे पाच दहाला हाचिया आपल्या खोलीतून फोन करायचा, "ऊठ रे झोपाळू. मी पुढे होतो." अपघात झाला त्या दिवशीही केला. तोगाशी "उठलो" म्हणाला आणि कूस बदलून झोपला. हाचिया त्याच्या भरवशावर कामाला लागला. बटणापाशी कुणी नव्हतं. बंदरावरच्या कुणीतरी यंत्र चालू केलं. हाचियाच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

चौकशीत तोगाशी म्हणाला, "मला कुणी उठवलंच नाही."

हाचिया नियम मोडून एकटा गेला, असं कागदावर आलं. हाचियाची नोकरी गेली. तो एका शब्दाने बोलला नाही.

"तुम्ही होतात चौकशीला?" कोसेकीने विचारलं.

"होतो. कागदावर सही माझीच आहे." आजोबांनी शेगडीची वात थोडी खाली केली.

त्या गुरुवारी संध्याकाळी हाचियाची बायको सुएको घराच्या दारातच भेटली. "तोगाशीसान, एवढ्या बर्फातून आलात! दवाखान्यातून तीनदा फोन केला यांनी तुम्हाला. लागत नाही म्हणाले."

फोन लागला होता. तिन्ही वेळा तोगाशीने नाव पाहून तो वाजू दिला होता.

"काही काम होतं का त्यांचं?"

"मला कुठे सांगतात! उद्या पेटीत फुलं ठेवताना तुम्हीच विचारा." ती हसली आणि मग तिने डोळे पुसले.

निघताना प्रत्येकाच्या हातात मिठाची छोटी पुडी पडली. उंबरा ओलांडण्याआधी छातीवर, पाठीवर, पायांवर चिमूटभर टाकायचं, म्हणजे मागे कुणी येत नाही. तोगाशीने ती कोटाच्या खिशात घातली. समोर घर नव्हतं, हॉटेल होतं. मीठ टाकायचं राहून गेलं.

काउंटरवरच्या म्हाताऱ्याने त्याचा काळा टाय पाहिला. "मीठ टाकलंत ना? हॉटेलात येताना लोक विसरतात हो."

"टाकलं," तोगाशी म्हणाला.

त्याच्या मागचं आपोआप उघडणारं काचेचं दार पुन्हा एकदा उघडलं. थोडा वेळ उघडंच राहिलं. मग बंद झालं.

"वाऱ्याने होतं असं," म्हातारा म्हणाला, पण किल्ली देताना तो तोगाशीच्या खांद्यामागे बघत होता.

तिसरा मजला, खोली ३०६. एक पलंग, एक खुर्ची, एक खुंटी. तोगाशीने कोट खुंटीला लावला, हॉटेलचा किमोनो घालून आडवा झाला आणि ठरवून टाकलं. सहा दोनची पहिली गाडी. फुलं नाहीत, पेटी नाही. सुएकोला कळवायचं, अचानक काम निघालं.

ठरल्यावर झोप यायला हवी होती. आली नाही. उशी उलटी केली. हीटर बंद केला, पुन्हा लावला. साडेबाराला उठून चहा केला, तो प्यायला नाही. एक वीसला बाहेरच्या पॅसेजमध्ये पावलं वाजली. मोज्यांची, बुटांची नाहीत. दारापाशी आली...

थांबली.

परत गेल्याचा आवाज आला नाही.

दोन चाळीसला वास आला. अमोनियाचा. बर्फाच्या कारखान्यात असतो तो, डोळ्यांत पाणी आणणारा. या खोलीत तो कुठून येणार?

तोगाशी उठला. कोटाच्या खिशातून पुडी काढली. फाडायची, उंबऱ्यावर टाकायची, संपलं. जो कोणी असेल तो बाहेर, बर्फात. कायमचा.

त्याने पुडीच्या कडेला नख लावलं.

"हाचियासान?" तो हळूच म्हणाला.

काही नाही... फक्त हीटरची घरघर.

त्याने नख काढलं. पुडी होती तशी खिशात ठेवली आणि पलंगाच्या काठावर बसून राहिला. कधी डोळा लागला, कळलं नाही.

फोन वाजला. उशाशी असलेला, हॉटेलचा. घड्याळात पाच दहा.

त्याने उचलला.

"ऊठ रे झोपाळू. मी पुढे होतो."

पलीकडे कुणी थांबलं होतं. श्वास ऐकू येत नव्हता. पण थांबलं होतं...

"उठलो," तो म्हणाला. आणि खरोखर उभा राहिला. "या वेळी उठलो. थांबा."

फोन ठेवल्याचा आवाज आला.

तयार होऊन खाली जायला त्याला वीस मिनिटं लागली. म्हातारा फावडं टेकवून टोपीवरचा बर्फ झटकत होता.

"मला फोन कुणी जोडला?"

"फोन? मी पाचपासून बाहेर बर्फ काढतोय. इथे कुणीच नव्हतं." मग त्याने तोगाशीला नीट न्याहाळलं, मागे जाऊनही पाहिलं. "आता टाकलंत मीठ. काल खोटं बोललात. पाठीवर मात्र अगदी नीट पडलंय हं. एकट्याला जमत नाही इतकं."

तोगाशीने मान खाली घातली. काळ्या कोटावर, छातीशी, पांढरे कण होते. बुटांवरही.

सहा दोनची गाडी त्याच्यासमोर सुटली.

"मग?" कोसेकी म्हणाला. कुणी हसत नव्हतं.

नऊ चाळीसला पेटीत फुलं ठेवताना तोगाशी सगळ्यांसमोर बोलला. "यांनी मला उठवलं होतं. मीच उठलो नाही. चौकशीत खोटं बोललो." सुएकोने तिच्या हातातलं फूल त्याला दिलं, ठेवायला. दहाला पेटी बंद झाली. मार्चमध्ये कंपनीने तो कागद बदलला. निवृत्त होन्मांना बोलावून नव्या कागदावर त्यांची सही घेतली.

त्याच दिवशी तोगाशीने पुडी दाखवली. होन्मांनी ती दिव्यासमोर धरून पाहिली. चारही कडा चिकटलेल्या, कुठे भोक नाही, फाटलेली नाही. आत मीठ नव्हतं.