दोघांची एकच भाची

त्या दुकानाचे सरळ दोन भाग होते. डावीकडे कोरे लॅपटॉप, खोक्यांची चळत आणि डोळे दिपवणारे दिवे. उजवीकडे जुने... कुणीतरी वापरून विकलेले, दुकानदारानं तपासून, दुरुस्त करून पुन्हा मांडलेले. मी डावीकडे उभी होते. उजवीकडे एक उंच, उन्हानं रापलेला माणूस एकेक लॅपटॉप उचलून कानाशी नेत होता, हळूच उघडत होता, मिटत होता. डॉक्टर छाती तपासतात ना, तसा.

मला हसू आलं. ते त्यानं पाहिलं.

"बिजागरी ऐकतोय," तो म्हणाला. "कुरकुरली तर समजायचं, आधीच्या मालकानं आदळआपट केली आहे."

"मग कोराच घ्यावा माणसानं. ऐकायची भानगडच नको."

"कोराही आठवड्याभरात वापरलेलाच होतो की. आणि हा शाळेच्या दप्तरात जायचाय, म्हणजे आपटणारच. आधी आपटून टिकलेला बरा." मग जरा थांबून, उगाचच खुलासा केल्यासारखा म्हणाला, "भाचीसाठी घेतोय."

मीही भाचीसाठीच घेत होते. शाळेसाठीच. त्यावरून आमची जी जुंपली, ती दुकानदार दोन्हीकडची गिऱ्हाइकं सोडून ऐकत बसला. तो म्हणाला, त्याच्या भाचीला यंत्रांचं वेड आहे, तिनं घरातलं घड्याळ खोलून ठेवलंय. मी म्हटलं, माझी भाची चित्रं काढते, अशी की झाडाकडे बघावं की तिच्या कागदाकडे, कळत नाही. त्याची भाची म्हणे बोलायला लागली की समोरच्याला श्वास घ्यायला वेळ देत नाही. माझी अगदी मितभाषी, मी सांगितलं, पण एक शब्द बोलेल तो मोत्यासारखा. बोलताना तो माझ्याकडे असं काही रोखून बघत होता, की मी हातातलं खोकं उगाचच या हातातून त्या हातात केलं.

शेवटी मी कोरा घेतला, त्यानं जुना. बाहेर भुरभुर पाऊस होता. त्यानं आपल्या लॅपटॉपची प्लास्टिकची पिशवी काढून माझ्या खोक्यावर चढवली आणि स्वतःचा लॅपटॉप जाकिटात घालून चालू लागला. कोपऱ्यावर एकदा वळून बघितलं... नाव विचारायचं दोघांच्याही लक्षात आलं नाही. किंवा लक्षात येऊनही धीर झाला नाही.

माझ्या भाचीला घरात सगळे खारू म्हणतात. खारीसारखी कुठेही लपून बसते म्हणून. ती दादाची रक्ताची मुलगी नव्हे. दोन वर्षांपूर्वी दादानं लग्न केलं तेव्हा वहिनी आपल्या या लेकीला घेऊन त्याच्या घरी आली. सुरुवातीला खारू पडद्यामागून माझ्याकडे बघायची. मी खाऊ आणायची, ती न खाता ठेवून द्यायची. कितीतरी महिने मी तिच्या शेजारी नुसती बसत होते, तिच्या चित्रांना रंगांच्या पेन्सिली टोकदार करून देत होते. आणि मग एका दुपारी, मान वर न करता, ती म्हणाली, "आत्तू, हिरवा दे." आत्या नाही, आत्तू. त्या दिवसापासून मी जगात कुणाची तरी कुणीतरी झाले. आता तिच्या नव्या शाळेनं प्रत्येकानं स्वतःचा लॅपटॉप आणावा असं सांगितलं, तेव्हा मी दादाला बजावलं, की तो मीच घेणार. माझ्या हातून तिला मिळेल ती वस्तू कोरी करकरीत असणार.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खोकं घेऊन मी दादाकडे गेले. दारात मोठ्या मापाचे बूट होते. आणि आतून एक आवाज येत होता. खारूचा. ती बोलत होती... अखंड, धबधबा कोसळावा तशी, शाळेबद्दल, मैत्रिणींबद्दल, शेजाऱ्यांच्या बोक्याबद्दल. माझ्यापाशी तिनं आठवडाभरात जेवढे शब्द खर्च केले नसतील, तेवढे एका दमात.

टेबलावर लॅपटॉप होता, त्याची पाठ उघडलेली होती, आणि त्यात दोन डोकी घुसली होती. एक खारूचं. दुसरं त्याचं.

"हा माझा धाकटा भाऊ," वहिनी म्हणाली. "जहाजावरून परवाच उतरला. आणि ही माझी नणंद."

वहिनीचा भाऊ जहाजावर इंजिनीअर होता, हे मला ठाऊक होतं. लग्नाच्या वेळी तो कुठल्याशा समुद्रावर होता. कपाटावर त्याचा फोटोही होता, पण त्यात दाढी होती आणि डोक्यावर हेल्मेट. त्यावरून कुणाच्या बापाला ओळख पटणार होती?

तो उभा राहिला. माझ्या हातातल्या खोक्याकडे, त्यावरच्या स्वतःच्याच पिशवीकडे बघून त्याचे कान लाल झाले. दादानं सगळा प्रकार ऐकला आणि पोट धरून हसला. मुलगी एक, लॅपटॉप दोन, आता ज्याचा त्याला मान मिळेल, असं म्हणून त्यानं निवाडा खारूवर सोपवला.

खारूनं दोन्ही नीट पाहिले. माझा लॅपटॉप तिनं खोक्यातच उलटा करून पाहिला आणि विचारलं, की हा उघडता येतो का. येत नाही, त्याला सील आहे, मी सांगितलं. तिनं तो हळूच माझ्याकडे सरकवला आणि म्हणाली, "मग मामाचा."

मी हसले. हसत हसत चहा घेतला, हसत हसत निरोप घेतला, आणि रस्त्यावर आल्यावर माझ्या लक्षात आलं, की दात इतके घट्ट आवळलेत की जबडा दुखतोय. दोन वर्षं मी एकेक शब्द वेचला होता, आणि हा बाबा समुद्रातून उगवून टोपलीच घेऊन गेला. शेवटी रक्ताचा तो. मी कोण? कागदावरची आत्या.

मी दातांच्या प्रयोगशाळेत काम करते. दंतवैद्य माप पाठवतात, आम्ही दात घडवतो, त्यांना शेजारच्या दाताच्या छटेचा रंग देतो. त्या आठवड्यात माझे दोन दात परत आले. जास्त पिवळे झालेत, असा निरोप होता. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली, "पिवळे नाहीत, हिरवे झालेत. कुणावर जळतेयस?"

त्याच दुपारी तो प्रयोगशाळेच्या दारात उभा. वहिनीकडून पत्ता घेतला होता.

तो म्हणाला, तो आपला लॅपटॉप परत करतो, खारूला माझा वापरू दे. मी ब्रश खाली न ठेवता सांगितलं, की मला कुणाची मेहेरबानी नको. त्यानं खुर्ची ओढली आणि न विचारता बसला.

"मेहेरबानी नाही. तुम्हाला खरं सांगू? मी तो घेतलाच तुमच्यामुळे."

"माझ्यामुळे?"

"पूर्वी जहाजावर तिचा फोन आला की ती मला विचारायची, मामा, तू कुठे आहेस, काय दिसतंय. गेली दोन वर्षं फोनवर एकच. आत्तूनं हे केलं, आत्तू असं म्हणाली, आत्तूला निळा रंग आवडत नाही. त्या आत्तूचा मला इतका राग यायचा... म्हटलं, उतरल्या उतरल्या काहीतरी असं द्यायचं, की ही बया मागं पडली पाहिजे."

म्हणजे तो सगळा धबधबा माझा होता. माझ्यासमोर अडलेला आणि याच्यापाशी सुटलेला. हातातल्या दाताला मी नको तिथे रंग लावून बसले.

"निळा आवडत नाही?" त्यानं विचारलं. त्यानं निळा शर्ट घातला होता.

"इतकाही वाईट नाही," मी म्हटलं.

त्यानंतर मी दादाकडे रोज जाऊ लागले. कारणं पुष्कळ होती. खारूला लॅपटॉपवर चित्रं काढायला शिकवायचं होतं, वहिनीला मदत करायची होती. आम्ही तिघं टेबलाशी बसायचो. तो तिला यंत्राचं पोट दाखवायचा, मी तिला रंग दाखवायची. कधी तारेसाठी दोघांचे हात एकदम पुढे व्हायचे... आणि दोघांचेही मागे यायचे. पण एका संध्याकाळी मी स्वयंपाकघरात भाजी चिरत होते आणि बाहेर ते दोघं कशावर तरी हसत होते. मी सुरी जरा जोरातच चालवली असणार.

"नणंदबाई," वहिनी माझ्याकडे न बघता म्हणाली, "जळताय ते माझ्या भावावर की माझ्या लेकीवर?"

माझी सुरी थांबली. कारण या खेपेला मला खारूजवळची त्याची जागा नको होती. त्याच्याजवळची खारूची हवी होती.

कोरा लॅपटॉप तसाच पडून होता. तो परत करायला आम्ही दोघं गेलो. दुकानदारानं ओळखलं. भाचीला आवडला नाही का, त्यानं माझ्याकडे बघत विचारलं. मग त्याच्याकडे वळून, तुमच्या भाचीला आवडला का? आवडला आणि नाही आवडला, दोन्ही आम्ही एकदमच बोललो. दुकानदाराचा चेहरा बघून बाहेर येईपर्यंत हसू दाबणं मुश्कील झालं.

समोरच्या टपरीवर चहा घेताना तो पेला हातात फिरवत राहिला.

"त्या दिवशी दुकानात," तो म्हणाला, "तुम्ही भाचीबद्दल बोलत होतात. ती कोण हे मला ठाऊक नव्हतं. पण मला तिचा हेवा वाटला. वाटलं... आपल्याबद्दल कुणी तरी, कुठल्या तरी दुकानात, असं बोलावं."

मी चहाकडे बघत म्हटलं, की तशी मी बोलते. प्रयोगशाळेत. मैत्रिणीचे कान किटले आहेत.

परतायला उशीर झाला. दारात खारू उभी होती. तिनं नव्या शाळेनं सुट्टीतच दिलेलं पहिलं काम करून ठेवलं होतं आणि आम्हाला दाखवायला थांबली होती. तिनं त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आमच्या दोघांच्या मधल्या नसलेल्या अंतराकडे पाहिलं. मग आत जाऊन लॅपटॉप घेऊन आली आणि त्याच्या हातात ठेवला.

"हा पण परत कर."

सोमवारी शाळा सुरू व्हायची होती. शनिवार गेला, तिनं आमच्याशी अवाक्षर काढलं नाही. पडद्यामागे जाऊन बसली, पहिल्या दिवसांसारखी. दादानं समजावलं, वहिनी रागावली. रविवारी दुपारी मी त्या पडद्यामागे जाऊन तिच्या शेजारी बसले.

मी तिला सांगितलं, की तिनं मामाचा लॅपटॉप घेतला तेव्हा मलाही असंच झालं होतं.

"तू मोठी आहेस," ती म्हणाली.

"मोठ्यांनाही होतं. इथं." मी पोटावर हात ठेवला. "तुला वाटतंय, मी तुझा मामा पळवला."

तिनं मान हलवली. नाही. मग ती इतक्या हळू बोलली, की मला वाकावं लागलं.

"मला आधी पण एक आत्या होती. आईबाबांचं भांडण झालं, मग ती कधी आलीच नाही. तुमचं भांडण झालं तर तू येणार नाहीस, नाहीतर मामा येणार नाही. आत्ता दोघं येता."

इतके दिवस मी हिच्यावरून भांडत होते, आणि ही पोर आमच्यातला एक गमवायच्या भीतीनं पडदा धरून बसली होती. मी तिचा हात हातात घेतला. पडद्यापलीकडे कुणाची तरी चाहूल लागली. त्यानं सगळं ऐकलं होतं. तो आत आला आणि आमच्यासमोर जमिनीवर बसला. मांडीवर लॅपटॉप होता.

"आम्ही भांडणार," तो म्हणाला. "भेटलो तेच भांडत. पण भांड्यांची वाटणी होते, घराची होते. तुझी होणार नाही. उद्या मी हिच्याशी बोलेनासा झालो तरी तुझ्याकडे येणार, आणि ही दारात भेटली तर तोंड फिरवून येणार. पण येणार."

"मी पण," मी म्हटलं. "तोंड न फिरवता."

खारूनं आमची दोघांची तोंडं निरखून पाहिली. मग त्याच्या मांडीवरचा लॅपटॉप ओढून घेतला आणि दप्तरात ठेवून आली. परत येऊन माझ्या शेजारी टेकली.

"म्हणजे आता तू माझी मामी होणार?"

पडद्याबाहेर दादाला ठसका लागला. मामी हा काही वाईट शब्द नाही. पण ते एक नाव मी किती खपून मिळवलं होतं.

"नाही," मी म्हटलं. "काहीही झालं तरी मी आत्तूच."

तिला ते पटलं. विचार करून ती त्याच्याकडे वळली. "मग तू आतोबा."

"मी कोण?"

"आतोबा. आत्याच्या नवऱ्याला तसंच म्हणतात. आई, म्हणतात ना?"

"म्हणतात," बाहेरून वहिनीनं ग्वाही दिली.

तो जन्मापासून तिचा मामा आहे, पहिलं झबलं त्यानं आणलंय, अर्ध्या जगातून त्यानं तिला फोन केलेत, असं तो परोपरीनं सांगत राहिला. खारू ऐकेना. तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि माझ्या बोटांशी खेळत सोमवारच्या शाळेबद्दल बोलायला लागली... मला. अखंड. श्वास घ्यायलाही वेळ न देता. तो समोर बसून आमच्याकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे काही होतं, ते मी चांगलं ओळखत होते.

"जळतोयस?" मी विचारलं. त्याला पहिल्यांदाच अरे-तुरे करत.

"फार," तो म्हणाला, आणि जमिनीवरूनच जरा पुढे सरकला.