पूर्वीच्या बाळाची आई

सन २०२२. गणपती नुकतेच गेले होते. बोईसरच्या एका हॉस्पिटलात, पहिल्या मजल्यावर, भर दुपारी हे घडलं.

हॉस्पिटलचं नाव सांगणार नाही. पण पुढे जे लिहिते आहे, त्यातलं एक अक्षरही मी रचलेलं नाही. माझ्या म्हाताऱ्या डोळ्यांवर ज्यांचा विश्वास नसेल त्यांनी माझ्या नातसुनेला विचारावं. ती उत्तर देईल की नाही, ते मात्र सांगता येत नाही.

मी घिवलीची. आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं, म्हणून गावात अजून सगळे मला बाईच म्हणतात. नातू धर्मेश तारापूर एमआयडीसीत कामाला आहे. त्याची बायको पूर्वी. तिला सातव्या महिन्यातच कळा आल्या आणि मुलगी झाली.

आमच्या वेळी असं मूल कापसात गुंडाळून टोपलीत घालत आणि टोपली चुलीच्या उबेला ठेवत. जगलं तर जगलं. इथे काचेची पेटी होती. नळ्या होत्या. आणि सतत एक टुक... टुक... असा आवाज.

पूर्वी आत जातच नव्हती.

रडत नव्हती. बोलत नव्हती. दूध काढून बाटली सिस्टरच्या हातात द्यायची आणि बाकावर येऊन बसायची. जेव म्हटलं की जेवायची. झोप म्हटलं की डोळे मिटायची.

डॉक्टर म्हणाले, "बाळाचं वजन वाढत नाही. आईने रोज छातीशी धरलं पाहिजे. कातडीला कातडी लागली पाहिजे. नाहीतर मी काही सांगू शकत नाही."

पूर्वीने मान हलवली. उठली नाही.

तिथे दिशा नावाची एक मुलगी होती. आत ज्यांची बाळं आहेत त्यांच्या घरच्यांशी बोलायचं, एवढंच तिचं काम. दुपारी चहा घेऊन यायची आणि आमच्यात बसायची. मी पूर्वीला म्हणत होते, "रड गं बाय, मोकळी हो." दिशाने मला बाजूला घेतलं.

"आजी, तिला रड म्हणू नका. बाळ गेलं तर जास्त दुखू नये म्हणून ती आधीच हात काढून घेतेय. तिला ओढायचं नाही. शेजारी बसायचं."

मी शेजारी बसू लागले.

दुपारी एक वेळ ठरलेली. रूपाली सिस्टर दार अर्धं उघडून एकेका आईला हाक मारायची. बाळांना अजून नावं नव्हती. पेटीवर आईचंच नाव लिहिलेलं. म्हणून हाकही तशीच.

"सपनाच्या बाळाची आई!"

सपना डोंगराकडच्या पाड्यावरची. हसरी. ती उठता उठता म्हणायची, "सपनाच्या बाळाची आय म्हंजे मीच ना? मग सरळ सपना बोला की."

"नुसतं सपना म्हटलं की कँटीनची सपना धावत येते," रूपाली म्हणायची. "मागे तिलाच गाऊन घालत होते मी."

सगळे हसायचे. पूर्वी सोडून.

मग पुढची हाक.

"पूर्वीच्या बाळाची आई!"

पूर्वी जागची हलायची नाही. रूपाली हाक मारून लगेच आत वळायची, तिच्या मागे कामं असायची.

आणि मग...

दार हळूच उघडायचं. हळूच मिटायचं.

मला वाटायचं, एसीचा वारा.

आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. हाक झाली की पूर्वी पाय आत ओढून घ्यायची. बाकासमोरून कोणी जात असेल तर आपण घेतो ना, तसे.

समोरून कोणीच जात नव्हतं.

असे काही दिवस गेले. मग एका दुपारी, हाका होऊन बराच वेळ झाल्यावर, रूपाली बाहेर आली. चेहरा फुललेला.

"बाई, पेढे द्या. वजन वाढलं. मी म्हटलं होतं ना, कांगारू केलं, असं छातीशी धरलं, की बाळ अंग धरतं. तुमची सून गुणाची निघाली. खुर्चीवरून हलत म्हणून नाही. आता पण बसल्यात बघा..."

तिचं बोलणं तिथेच थांबलं.

पूर्वी माझ्या शेजारी बाकावर बसली होती.

रूपालीने तिच्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं.

"मग आत कोण हाय?"

ती धावतच आत गेली. मी काचेपाशी गेले. दिशाही आली.

आत खुर्ची होती. खुर्चीत हिरवा गाऊन, हिरवी टोपी. आमच्याकडे पाठ. आत गेलेल्या सगळ्या आया तशाच दिसतात, कोण कोणाची ते ओळखू येत नाही. ती बाई अगदी हळू मागेपुढे झुलत होती. पाय अनवाणी. टाचा लाल... विटेच्या भुकटीने माखल्यासारख्या.

रूपाली त्या खुर्चीला टेकून उभी होती. इकडेतिकडे बघत होती. मग काचेतून आमच्याकडे बघून तिने हात हलवला.

कोणी नाही.

मला तर दिसत होती.

मी दिशाकडे वळले. "दिशा, रूपाली काय म्हणून हाक मारते गं रोज?"

"पूर्वीच्या बाळाची आई."

मी जन्मभर मुलांना शब्द फोडून शिकवले आणि हा रोज कानावर पडून मला कळला नव्हता. पूर्वी म्हणजे माझी नातसून. आणि पूर्वी म्हणजे... अगोदर.

अगोदरच्या बाळाची आई.

"दिशा, या पेटीत पूर्वी कोण होतं?"

दिशाने काचेला हात टेकवला. तिचा आवाज अगदी सपाट झाला.

"लॉकडाऊनमध्ये आत कोणालाच घेत नव्हते, आजी. आयांनाही नाही. मनोरकडची नवसी होती. वीटभट्टीवरून आलेली. दिवसभर जिन्यात बसायची. हाक मारतील म्हणून. जेवायलाही खाली जायची नाही, मध्येच बोलावलं तर? तिचं बाळ नाही राहिलं. आणि त्या पावसात भट्टीवरून घरी गेल्यावर तापाने तीही..."

"तिला हाक मारली नव्हती कोणी?"

"नाही. कोणीच नाही. त्यानंतर मला इथे ठेवलं."

आमच्या मागे कोणीतरी उभं होतं.

मी दचकून वळले. पूर्वी होती. तिने सगळं ऐकलं होतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती स्वतःहून उठली होती.

"रडते का ती तिच्याकडे?" तिने विचारलं.

"कोण?"

"माझी पोरगी."

मी तिचा हात धरला. "जाऊ नको. आपण डॉक्टरांना बोलवू."

"सोडा, आजी. माझी हाय ती."

तिने हात सोडवून घेतला. चपला काढल्या. गाऊन चढवला, नाडी बांधता येईना, तशीच आत गेली.

काचेतून मी बघत होते. पूर्वी खुर्चीसमोर उभी राहिली. रूपाली तिला काहीतरी सांगत होती, तिचं लक्ष नव्हतं. तिने दोन्ही हात पुढे केले.

किती वेळ तशीच उभी होती...

मग ती हिरवी पाठ उठली. मला चेहरा दिसला नाही. बघायचा नव्हताही. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा खुर्चीत पूर्वी होती आणि गाऊनच्या आत तिच्या छातीशी इवलंसं डोकं होतं.

रूपाली भिंतीला पाठ लावून उभी. ती पुढे एवढंच म्हणाली, "मी धावत आत गेले तेव्हा बाळ पेटीतच होतं. मी पेटी उघडली नाही. यांच्या हातात कुठून आलं?"

संध्याकाळी बाळाचं दुपटं बदललं ते माझ्याकडे धुवायला आलं. मी नाकाशी नेलं.

धुराचा वास. ओल्या लाकडाच्या, भट्टीच्या धुराचा.

आत काडी पेटवायला बंदी आहे. ऑक्सिजन असतो.

मी पूर्वीला विचारलं, ती तुला काही बोलली का? पूर्वी म्हणाली, "देताना बोलली. पोर नाय रडली, एवढंच."

आणि त्या रात्री पूर्वी रडली. सकाळपर्यंत रडत होती.

आमच्यात बारशाआधी नाव ठेवत नाहीत. दुसऱ्या दिवशी मीच तो रिवाज मोडला. म्हटलं, पूर्वी, आत्ताच्या आत्ता नाव सांग. ती म्हणाली, हेतल. रूपालीने पेटीवरचं नाव खोडून हेतल लिहिलं. दुपारी दार उघडलं. "हेतलची आई!" पूर्वी उठली, आत गेली. दार मिटलं.

मग पुन्हा उघडलं नाही. मी बघत होते.

हेतल दिवाळीआधी घरी आली. आता बालवाडीत जाते, बोलते फार. सपनाचा मुलगाही वाचला. तिचा नवरा भिका भातकापणी झाली की तांदूळ घेऊन येतो. धर्मेशला यातलं काही सांगितलेलं नाही, तो हसेल. रूपालीने ते हॉस्पिटल सोडलं, वापीला असते म्हणे. पूर्वीला पुन्हा दिवस गेले आहेत. धूर झाला की ती खिडकी लावून घेत नाही, उघडते. का, ते मी विचारत नाही.

दिशा अजून तिथेच आहे. मध्ये बोईसरच्या बाजारात भेटली. आता सगळ्या बाळांना पहिल्याच दिवशी नाव द्यायला सांगतात, म्हणाली. घोटाळा होत नाही.

मी विचारलं, "आणि ती?"

दिशाने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"जिन्यात बसते, आजी," ती म्हणाली. "आता तिला कोणी हाक मारत नाही ना."