शेवटची फेरी

कोराडी रोडवरच्या त्या चौकात वामनराव सकाळपासून प्लास्टिकची खुर्ची टाकून बसले होते, आणि सकाळपासून एकच चूक त्यांच्या मागे लागली होती.

काम साधं होतं. चौकातल्या खांबावर एक पेटी बसवलेली. येणाऱ्या गाडीतला सेट आपली जागा आणि वेग रेडिओवरून कळवी, पेटी उत्तर देई, आणि उत्तर पोचलं की सेटवरचा हिरवा दिवा लागे. हे किती अंतरावरून जमतं ते मोजायचं. पुढे अशा पेट्या आडव्या येणाऱ्या ट्रकची सूचना गाड्यांना देणार होत्या. त्यांची तरुण सहकारी वैभवी व्हॅनमधून सेट घेऊन येई. वामनराव पेटीला जोडलेल्या लॅपटॉपवर नजर ठेवत.

वायरलेस खात्यात उभी नोकरी काढलेल्या माणसाला यात अवघड ते काय? पण स्क्रीनवर सेट भरधाव चौकात येई, एकदम ब्रेक लागे, वेग शून्य होई. आणि शून्यच राही. समोर चौक रिकामा.

त्यांनी वैभवीला फोन लावला. "पोचलात का?"

"कुठं सर? आम्ही पोह्याच्या टपरीवरच आहो. निघालोच नाही अजून."

टपरी पार दोन किलोमीटर मागे. तिथून पेटीपर्यंत काही पोचणं शक्यच नव्हतं. थोड्या वेळाने व्हॅन खरोखर आली, सावकाश, काही न होता पुढे गेली.

त्यांनी केबल बदलली. पेटीची आणि लॅपटॉपची घड्याळं पुन्हा जुळवली. स्क्रीनवर बसलेली वीज केंद्राची राख पुसली, मग चष्माही पुसला. पुढच्या फेरीला तेच, त्याच्या पुढच्या फेरीलाही. फक्त ते शून्य दिसणं आणि खरी व्हॅन येणं यांच्यातला वेळ दर फेरीला कमी होत होता.

दुपारी वैभवी व्हॅनमधून उतरली ती वैतागूनच. "सर, संध्याकाळी रिपोर्ट द्यायचा आहे. तुम्ही जुनीच फाईल तर उघडून नाही राहिले?"

"काकाले डुलकी लागली असन ताई," ड्रायव्हर दुर्गेश हसला. "ऊन पाहा न कसं तापून राहिलं."

वामनराव ओशाळले. असेलही तसं, स्वतःवर त्यांचा भरवसा कधीच फारसा नव्हता. मनातली अपघाताची भीती बोलून दाखवावी तर दोघं आणखी हसले असते. पण या पोरीला पुन्हा त्या व्हॅनमधून चौकात येऊ द्यायचं नाही, एवढं त्यांनी ठरवून टाकलं.

"उलट करू," ते म्हणाले. "तू इथे बस. सेट मी माझ्या स्कूटरवर नेतो. दुर्गेश, व्हॅन इथंच राहू दे गा."

"काहून सर?"

"चूक माझी की गाडीची, एकदा कळेल तरी."

वैभवीने सुस्कारा सोडला. "बरं. पण ही शेवटची फेरी."

टपरीवर पोचून वामनरावांनी स्कूटर बंद केली आणि पाणी प्यायलं. दिवसभरात पहिल्यांदाच जीव हलका झाला. व्हॅन सावलीत उभी होती. पोर खुर्चीत सुरक्षित होती.

मग त्यांचं लक्ष पायांशी ठेवलेल्या सेटकडे गेलं. त्यावर नंबराची चिठ्ठी डकवलेली होती. सकाळपासून स्क्रीनवर येत होता तो हाच नंबर. पेटीने व्हॅनचं नाव कधीच घेतलं नव्हतं. व्हॅन तिला ठाऊकच नव्हती.

तिला ठाऊक होता फक्त हा सेट.

त्यांनी स्टार्टरवरचा अंगठा काढून घेतला. नाही जायचं. इथूनच परत फिरायचं.

फोन वाजला.

"सर, काय करून राहिले?" वैभवी चिडली होती. "असे चौकाच्या मधातच काहून बसले? दिसून राहिले तुम्ही मले. उठा न."

वामनरावांनी आजूबाजूला पाहिलं. स्कूटर बंद होती. शेजारी टपरीवाला कोणाच्या तरी पोह्यांवर तर्री घालत होता.

पायांशी सेटवरचा हिरवा दिवा लागलेला होता.