भिजलेल्या मातीतला तहानलेला भुईमूग

हिरवोबा उतारावर उभा होता आणि त्याच्या छातीवरचा पिवळा दिवा लुकलुकत होता. पिवळा दिवा म्हणजे त्याला काहीतरी उमगत नव्हतं.

"शाल्मली, मी पाणी दिलं की रोपं आणखी तहानतात," तो म्हणाला. "असं होऊ शकतं का?"

शाल्मलीने वाकून पाहिलं. शोभेच्या भुईमुगाची पानं मान टाकून पडली होती, काही तर पिवळी पडली होती. पायाखालची माती मात्र पचपचीत ओली होती. तिची चप्पल चिखलात रुतून निघाली.

"मला काय माहीत?" ती वैतागून म्हणाली. "तूच माळीरोबो आहेस ना?"

करंजकोंडच्या शाळेमागे रस्त्यासाठी डोंगर कापला, तेव्हापासून तो उतार उघडा पडला होता. पावसाळ्यात तिथली माती धुऊन वर्गात यायची. ग्रामपंचायतीने उतारावर सिमेंट ओतायचं ठरवलं, तेव्हा सातवीतली शाल्मली भर ग्रामसभेत उभी राहिली. "याच उतारात मुरलेलं पाणी आपल्या शाळेच्या विहिरीत येतं. सिमेंट नको, झाडं लावू," ती म्हणाली. तिने निवडलेला हा भुईमूग शेंगांसाठी लावत नाहीत. तो जमिनीला चिकटून पसरतो, प्रत्येक पेरातून (देठावरच्या गाठीतून) नवी मुळं सोडतो आणि माती घट्ट धरतो. एकदा रुजला की त्याची फारशी देखभाल लागत नाही. सरपंच असलेल्या भारतीकाकूंनी तिचं ऐकलं, पण एक अट घातली होती. "सुट्टी संपून शाळा उघडेपर्यंत उतार झाकला गेला पाहिजे. नाहीतर सिमेंट."

मुलांनी तळ्यातला काळा गाळ आणून उताराच्या टप्प्यांवर पसरला, देठाचे तुकडे लावले, आणि हिरवोबा रोज पाणी घालू लागला. सगळं अगदी नीट केलं होतं. मग हे काय झालं?

आणखी एक गोष्ट शाल्मलीला छळत होती. अगदी वरच्या टप्प्यावर नळी पोचत नव्हती आणि गाळही उरला नव्हता. तिथल्या मुरमाड तांबड्या मातीत तिने उरलेले तुकडे नुसते खोचले होते. रुजेपर्यंत तेवढं बाटलीने पाणी घातलं आणि नंतर ती विसरूनच गेली. ती रोपं टवटवीत होती. त्यांना पिवळी फुलंसुद्धा आली होती!

"लाड केले ती मरायला टेकली आणि विसरले ती फुलली," ती पुटपुटली. "डोकं फिरलंय माझं."

दुपारी तिची सुमेधाआत्या आली. आत्या मृदाशास्त्रज्ञ (मातीचा अभ्यास करणारी) होती. शाल्मलीने तिला सरळ उतारावर ओढत नेलं.

आत्याने खुरप्याने खालच्या टप्प्यातलं एक ढेकूळ उकरलं आणि शाल्मलीच्या नाकाशी धरलं.

"शी! सडक्या अंड्यासारखा वास येतोय."

"आता वरच्या टप्प्यातली थोडी माती घेऊन ये. आणि दोन पेले आण."

शाल्मलीने एका पेल्यात वरची माती घातली, दुसऱ्यात खालची. मग दोन्हींवर हळूच पाणी ओतलं. वरच्या मातीतून बुडबुडे वर आले, एकामागून एक. खालच्या मातीतून जवळजवळ एकही आला नाही.

"बुडबुडे कसले?" आत्याने विचारलं.

"हवेचे. पण मातीत हवा कुठून आली?"

"मातीच्या कणांमध्ये बारीक पोकळ्या असतात. पाणी शिरलं की हवा बाहेर पडते. खालच्या मातीत पोकळ्या आधीच पाण्याने भरल्या आहेत. गाळाचे कण फार बारीक, त्यामुळे पाणी लवकर निचरत नाही."

"पण रोपाला पाणीच हवं असतं ना? हवेचं काय काम?"

"मुळंही श्वसन करतात, शाल्मली. हवेतला प्राणवायू घेतात, त्यातून त्यांना ताकद मिळते. ती ताकद नसेल तर मुळं नीट पाणी शोषू शकत नाहीत."

शाल्मली पेल्याकडे बघत राहिली. मग सावकाश म्हणाली, "म्हणजे मुळं पाण्यात बुडालेली, आणि पानांपर्यंत मात्र पाणी पोचत नाही?"

"म्हणून पानं मलूल."

"आणि हिरवोबाच्या संवेदकांना (आजूबाजूच्या गोष्टी टिपणाऱ्या भागांना) फक्त पानं दिसतात! मलूल पान दिसलं की तो पाणी घालतो, मुळं आणखी गुदमरतात, पानं आणखी मलूल होतात, की हा परत पाणी घालतो!"

हिरवोबाचा दिवा भराभर लुकलुकू लागला. "म्हणजे मी त्यांना बुडवत होतो?"

"तुला माहीत नव्हतं," शाल्मली म्हणाली. "मलाही नव्हतं."

तिने नळीची तोटी बंद केली. हिरवोबा मध्ये आला. "मलूल पानाला पाणी नाकारणं माझ्या नियमात बसत नाही." शाल्मलीने उताराकडे पाहिलं. सगळा उतार मान टाकून पडलेला, आणि ती पाणी तोडत होती. आत्याचं चुकलं तर? पण ते बुडबुडे तिने स्वतः पाहिले होते. "नियम अपुरा आहे," ती म्हणाली आणि तोटी घट्ट पिळली.

मग त्यांनी प्रत्येक टप्प्याला निचऱ्याचा चर खणला, गाळात मुरूम मिसळला, सडलेली रोपं उपटली. वरच्या टप्प्यावरचे देठ कापून रिकाम्या जागी लावले, पेरं मातीत दाबली. नवे तुकडे रुजेपर्यंत जपावे लागले. मातीत बोट खुपसायचं, कोरडं लागलं तरच थोडं पाणी. हिरवोबाच्या बोटालाही आत्याने ओलावा मोजणारा संवेदक बसवला.

सगळी रोपं वाचली नाहीत. शाळा उघडायच्या सुमारास भारतीकाकू आल्या, तेव्हा उतारावर अजून टक्कल पडल्यासारखे ठिपके होते. काकूंनी एक देठ ओढून पाहिला. तो निघाला नाही. जागोजागी मुळं धरून बसला होता.

"हे काय, सुटतच नाही की!" काकू म्हणाल्या. "राहू दे. सिमेंटवाल्याला नको म्हणून कळवते. ठिपके मात्र तुम्हीच भरायचे."

हिरवोबाचा दिवा हिरवा झाला. शाल्मलीने त्याच्या पत्र्याच्या पाठीवर थाप मारली. उतार बघायला आलेली आत्या आता परत निघाली होती. उताराखालच्या खाचरात लवकर पेरलेल्या भाताची रोपं पाण्यात उभी होती, हिरवीगार. ती बघता बघता तिच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"आत्या, थांब. मुळं पाण्यात गुदमरतात, मग भात कसा जगतो?"

आत्याने खिशातलं भिंग काढून तिच्या हातात ठेवलं. "एक मूळ आडवं काप आणि बघ."

शाल्मली बांधावर उकिडवी बसली. हिरवोबाही शेजारी वाकला. कापलेल्या मुळाच्या आत बारीक बारीक पोकळ नळ्या होत्या.

"हवा पानांकडून या नळ्यांतून खाली येते!" ती ओरडली. "हिरवोबा, अशी नळ्यांची मुळं भुईमुगाला देता येतील का रे?"

"माहीत नाही," हिरवोबा म्हणाला, आणि त्याचा दिवा पुन्हा पिवळा लुकलुकू लागला.